दुःखात असलेल्या सहकाऱ्याकडे काम मागताना : जून १८५८ची एक गोष्ट

पेट परीक्षा, सिनॉप्सिस, लिटरेचर रिव्ह्यू, गाइडची निवड अशा विषयांवर आपण इथे बरंच बोललो आहोत. आजचा विषय कोर्सवर्कच्या कुठल्याही पेपरात येत नाही. पण पीएचडीच्या पाच-सहा वर्षांत तो एकदा तरी तुमच्यापुढे येईल. लॅबमधल्या कुणाच्या तरी घरी मृत्यू होतो, आणि नेमकं त्याच वेळी आपलं काम त्या माणसावाचून अडलेलं असतं. मागायचं की नाही? मागायचं तर कसं?

आधी माझी चूक सांगते, म्हणजे मी हे उपदेश म्हणून लिहीत नाहीये हे कळेल.

मागच्या वर्षी आमचा पेपर रिव्ह्यूहून परत आला. सुधारणांसाठी एकवीस दिवस दिले होते. रिव्ह्यूअरने एका आकृतीमागचा मूळ डेटा मागितला होता. ते नमुने फ्रीझरमध्ये कोणत्या खुणेने ठेवलेत हे फक्त आमच्या लॅबमधल्या सीनियरला माहीत होतं. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. दादाची आई चार दिवसांपूर्वी गेली होती. मी व्हॉट्सअॅपवर लिहिलं, "दादा, कळलं. खूप वाईट वाटलं. काळजी घे. जमेल तेव्हा नमुन्यांची यादी पाठवशील का? घाई नाही, पण डेडलाइन जवळ आहे." चार दिवसांनी रात्री साडेअकराला फाइल आली. खाली एक ओळ होती, "अजून काही लागलं तर सांग." मी आभार मानले, आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच अजून तीन गोष्टी सांगितल्या. त्याही त्याने पाठवल्या.

तो लॅबमध्ये परतल्यावर सहज बोलण्यातून कळलं, की पहिली फाइल त्याने गावाकडच्या घरी, दहाव्याच्या आदल्या रात्री, सगळे झोपल्यावर मोबाइलचं नेट जोडून पाठवली होती. तो रागावला नव्हता. त्यामुळे मला जास्तच लागलं.

त्यानंतर माझ्याच विषयाच्या इतिहासातला एक प्रसंग मी पुन्हा वाचला. एमएस्सीला वनस्पतीशास्त्र शिकताना तो दोन ओळींत येऊन गेला होता: १ जुलै १८५८, लिनिअन सोसायटी, डार्विन आणि वॉलेस यांचं संयुक्त वाचन. परीक्षेत तारीख विचारतात, म्हणून तारीख पाठ. पण त्या तारखेच्या आधीचे दहा-बारा दिवस म्हणजे दोन मित्रांनी तिसऱ्या, मूल गमावलेल्या मित्राकडे कागद मागितल्याची गोष्ट आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दहा-बारा दिवसांत काय झालं

थोडी पार्श्वभूमी. प्रजाती बदलतात, या विचारावर चार्ल्स डार्विनने १८३७ पासून वह्या भरायला सुरुवात केली. १८४२ मध्ये त्याने एक छोटा आराखडा लिहिला, १८४४ मध्ये त्याचाच मोठा निबंध केला. छापलं मात्र काहीच नाही. हा निबंध ज्या मोजक्या लोकांनी वाचला त्यात जोसेफ हूकर हा वनस्पतीशास्त्रज्ञ होता. हूकर लंडनजवळच्या क्यू बागेत काम करायचा, १८५८ साली तो तिथला उपसंचालक होता. दुसरा जवळचा माणूस म्हणजे भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल. लवकर काहीतरी छापा, नाहीतर दुसरं कुणी पुढे जाईल, असं लायेल डार्विनला १८५६ पासून सांगत होता.

आणि तसंच झालं. आल्फ्रेड रसेल वॉलेस त्या वेळी आजच्या इंडोनेशियातल्या बेटांवर पक्षी आणि कीटक गोळा करत फिरत होता. घरची फारशी श्रीमंती नाही, विद्यापीठाची पदवी नाही, नमुने विकून तो प्रवासाचा खर्च भागवायचा. १८५८ च्या सुरुवातीला तापाने आजारी असताना त्याला सुचलेला विचार त्याने लिहून काढला आणि तेर्नाते बेटावरून डार्विनला पाठवला. बरं वाटलं तर लायेलला दाखवा, एवढीच त्याची विनंती होती. छापा, असं त्याने म्हटलं नव्हतं.

डार्विनने हा निबंध १८ जूनच्या पत्रासोबत लायेलकडे पाठवला. वीस वर्षं जपलेली कल्पना दुसऱ्याच्या हस्ताक्षरात, जवळजवळ आपल्याच शब्दांत वाचून तो हादरला होता.

त्याच सुमाराला घरात आजारपण आलं. चौदा वर्षांची मुलगी हेन्रिएटा घशाच्या गंभीर आजाराने अंथरुणाला खिळली. त्या काळात डिप्थीरियाची भीती घराघरांत होती. गावात स्कार्लेट फीव्हरची साथ होती, लहान मुलं दगावत होती. आणि मग सगळ्यात धाकटा चार्ल्स वॉरिंग तापला. तो दीड वर्षाचा होता, अजून चालायला, बोलायला लागला नव्हता. डार्विन आणि एमा यांचं हे दहावं अपत्य. याआधी दोन मुलं गेली होती, त्यातली दहा वर्षांची अ‍ॅनी १८५१ मध्ये. तिच्या मृत्यूतून डार्विन खऱ्या अर्थाने कधीच बाहेर आला नाही.

२८ जूनच्या संध्याकाळी बाळ गेलं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, डार्विनने हूकरला दोन पत्रं लिहिली. पहिल्यात मृत्यूची बातमी आहे, एमाने ते कसं सोसलं याबद्दल लिहिलं आहे, आणि आत्ता या विषयावर विचार करता येत नाही, पण लवकरच करीन, असं सांगितलं आहे. दुसरं पत्र त्याच रात्रीचं. मधल्या वेळात त्याने हूकरचं पत्र वाचलं होतं आणि कागद ताबडतोब हवेत हे त्याला समजलं होतं. आपण पार कोलमडलो आहोत, काही करू शकत नाही, असं लिहून त्याने कागद नोकराच्या हाती क्यूला रवाना केले.

तिसऱ्या दिवशी, १ जुलैला, लंडनमध्ये पंचवीस-तीस लोकांपुढे ते कागद वाचले गेले. डार्विन तिथे नव्हता. त्या दिवशी त्याच्या गावात बाळाचा दफनविधी होता.

उत्तरावरून प्रश्न वाचायचा

आता संशोधक म्हणून एक अडचण बघा. हूकरने कागद मागण्यासाठी जे लिहिलं, ते पत्र आज उपलब्ध नाही. डार्विनला आलेली त्या काळातली बरीच पत्रं टिकलेली नाहीत. वॉलेसचं तेर्नातेहून आलेलं पत्रही हरवलं. म्हणजे मागणी आपल्याकडे नाही, फक्त तिला आलेलं उत्तर आहे. पण उत्तर नीट वाचलं तर मागणीचा आकार बराचसा कळतो. ही पद्धत तुम्हालाही पुढे उपयोगी पडेल, कारण इतिहासात अर्धे संवाद असेच एका बाजूचे मिळतात.

पहिली गोष्ट. डार्विनने काय पाठवलं? वॉलेसचा निबंध, १८४४ चा स्वतःचा जुना निबंध, आणि अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञ एसा ग्रे याला सप्टेंबर १८५७ मध्ये लिहिलेल्या पत्राचा गोषवारा. म्हणजे सगळं आधीच लिहून तयार होतं. त्याला नवीन ओळ लिहावी लागली नाही. कपाट उघडायचं, गठ्ठा काढायचा, द्यायचा. ज्या निबंधाकडे बघवतही नाही असं तो स्वतः म्हणतो, तो त्याला वाचावा लागला नाही. हूकरने पूर्वी त्या हस्तलिखितावर पेन्सिलीने शेरे मारले होते, त्यामुळे त्यात कुठे काय आहे हे हूकरला ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट. बाकीचं काम मागणाऱ्यांनी स्वतःकडे घेतलं. कोणता भाग निवडायचा, कोणत्या क्रमाने लावायचा, प्रास्ताविक पत्रात काय लिहायचं, सोसायटीच्या चिटणीसाशी कोण बोलणार, हे सगळं लायेल आणि हूकर यांनी केलं. त्यांच्या प्रास्ताविक पत्रावर ३० जून ही तारीख आहे. म्हणजे मंगळवारी रात्री कागद निघाले आणि बुधवारी पत्र तयार होतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आणि दोनदा वाचूनही ती माझ्या नजरेतून निसटली होती. त्या रात्रीच्या पत्रात डार्विन म्हणतो, की हवं असेल तर सोसायटीच्या नियतकालिकासाठी मी याहून लहान आणि अधिक अचूक टिपण लिहून देईन, मी काहीही करायला तयार आहे. ज्याचं बाळ चोवीस तासांपूर्वी गेलं, तो माणूस हे लिहितोय! हूकर आणि लायेल यांनी ते मागितलं नाही. जे हातात होतं त्यावर भागवलं.

आता माझ्या दादाची ओळ आठवा. "अजून काही लागलं तर सांग." मी तिचा सरळ अर्थ घेतला. पण दुःखात असलेला माणूस बऱ्याचदा स्वतःची मर्यादा सांगू शकत नाही. काहींना कामात डोकं घालून सुटल्यासारखं वाटतं. काहींना वाटतं, आपल्यामुळे कुणाचं अडायला नको. काहींना नाही म्हणायचीही ताकद नसते आणि हो म्हणणं सोपं जातं. म्हणून मर्यादा मागणाऱ्याने घालून घ्यायची असते. समोरून आलेला होकार हा परवाना नाही.

चौथी गोष्ट, घाईची. घाई खरी होती का? लिनिअन सोसायटीचे ज्येष्ठ वनस्पतीशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन १० जूनला वारले होते. त्यामुळे जूनमधली ठरलेली सभा पुढे ढकलली गेली आणि १ जुलैला जादा सभा घ्यायची ठरली. ती हुकली असती तर पुढची सभा उन्हाळ्याच्या सुटीनंतरच झाली असती. म्हणजे तारीख बाहेरून आलेली होती. शिवाय ते काम दुःखात असलेल्या माणसाचंच होतं. २५ आणि २६ जूनच्या पत्रांमध्ये डार्विननेच लायेलला विचारलं होतं, की आता मी काही छापलं तर ते सभ्यपणाचं होईल का, आणि हूकरचंही मत घ्या. थोडक्यात, मदतीची पहिली हाक त्याची होती. हूकरची मागणी हे त्या हाकेला दिलेलं उत्तर होतं.

माझ्या प्रसंगात तसं नव्हतं. पेपर माझा होता, पहिलं नाव माझं होतं, घाई माझी होती. आणि घाईचं म्हणाल तर एकवीस दिवसांची मुदत दगडावर कोरलेली नव्हती. पुढे दुसऱ्याच एका कारणासाठी मी एडिटरला दोन ओळींची मेल केली, आणि दुसऱ्या दिवशी पंधरा दिवस वाढवून मिळाले. हीच मेल मी आधी केली असती तर दादाला त्या रात्री नेट जोडून बसावं लागलं नसतं. मी मुदत एडिटरकडे मागायला संकोचले, पण दुःखात असलेल्या माणसाकडे वेळ मागायला संकोचले नाही. यादी आली त्यापेक्षा हे जास्त लक्षात ठेवण्यासारखं आहे.

ज्याला कुणी विचारलंच नाही

इथवर वाचून वाटेल की हूकर आणि लायेल यांनी सगळं आदर्श केलं. तसं असतं तर हा लेख इथेच संपला असता.

वॉलेसला कुणी विचारलं नव्हतं. त्याचा निबंध त्याच्या परवानगीशिवाय वाचला गेला आणि ऑगस्ट १८५८ मध्ये छापलाही गेला. प्रास्ताविक पत्रात तर असं म्हटलं होतं, की दोन्ही लेखकांनी आपले कागद आमच्या हाती निःसंकोच सोपवले आहेत. डार्विनबद्दल हे खरं होतं. वॉलेसबद्दल नव्हतं. त्याने निबंध एका माणसाला वाचायला पाठवला होता आणि दुसऱ्याला दाखवायची मुभा दिली होती, एवढंच. वाचनाचा क्रमही बघा: आधी डार्विनचा १८४४ चा उतारा, मग ग्रेच्या पत्राचा गोषवारा, आणि शेवटी वॉलेस. छापण्यासाठी तयार असलेला, पूर्ण असा निबंध खरं तर एकट्या वॉलेसचा होता.

पत्र पाठवून विचारता आलं असतं, पण तेर्नातेला पत्र पोचायला काही महिने लागत. उत्तर यायला तेवढेच. तोवर थांबायचं नाही असं लंडनमध्ये दोघांनी ठरवलं. का? आपला मित्र दुःखात आहे, त्याचं वीस वर्षांचं काम जाऊ नये, हे त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. डार्विनचं घर एका दिवसात निरोप पोचेल इतकं जवळ होतं. वॉलेस जगाच्या दुसऱ्या टोकाला होता. जवळच्याबद्दलची कणव खरी होती, आणि तिच्याच भरात लांबच्या माणसाची संमती विचारायची राहून गेली.

आणि हा लांबचा माणूस त्या दिवसांत काय करत होता? लंडनमध्ये त्याचा निबंध वाचला जात होता तेव्हा वॉलेस न्यू गिनीच्या किनाऱ्यावर डोरे या ठिकाणी होता. पायाच्या दुखण्याने तो झोपडीत अडकून पडला होता, सोबतचे सगळे आजारी होते, आणि त्याच मुक्कामात त्याच्याबरोबर काम करणारा जुमात नावाचा तरुण मरण पावला. याआधी १८५१ मध्ये, दक्षिण अमेरिकेच्या प्रवासात, वॉलेसचा धाकटा भाऊ हर्बर्ट पीतज्वराने गेला होता. म्हणजे त्या उन्हाळ्यात मृत्यू एकाच घरात आला होता असं नाही. पण एका घरातला मृत्यू हूकरला पत्रातून समजत होता, दुसरा समजण्याचा मार्गच नव्हता.

वॉलेसला हे सगळं ऑक्टोबरमध्ये, तेर्नातेला परतल्यावर कळलं. ६ ऑक्टोबर १८५८ ला त्याने हूकरला लिहिलेलं पत्र मोठ्या मनाचं आहे. उलट माझा एकट्याचाच निबंध छापला गेला असता तर मला वाईट वाटलं असतं, असा त्याचा सूर आहे. आईलाही त्याने आनंदाने कळवलं. पुढे आयुष्यभर तो या सिद्धांताला डार्विनचा म्हणत राहिला. १८८९ मधल्या त्याच्या पुस्तकाचं नावच 'डार्विनिझम' आहे. मात्र तो निबंध आपल्या नकळत आणि प्रुफं न तपासता छापला गेला, हेही त्याने नंतर लिहून ठेवलं. त्यात तक्रार नाही, पण नोंद आहे.

त्याने नंतर मान्य केलं, म्हणून आधी न विचारणं बरोबर ठरत नाही. डार्विनलाही हे टोचत असावं. वॉलेसचं उत्तर येईपर्यंत तो अस्वस्थ होता, आणि ते आल्यावर, जानेवारी १८५९ मध्ये, त्याने वॉलेसला मनापासून आभाराचं पत्र लिहिलं.

हे वाचताना मला आमच्या पेपरातलं तिसरं नाव आठवलं. तो मुलगा आमच्याकडे एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी सहा महिने होता. सुरुवातीचे नमुने त्याने गोळा केले होते. नंतर तो नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेला. दादाला त्रास नको म्हणून, यादी आल्यावर काही नमुन्यांची फेरमांडणी मी स्वतःच केली आणि आकृती बदलली. ती बदललेली आकृती त्या मुलाला दाखवायचं माझ्या मनातही आलं नाही. लेखक म्हणून त्याचं नाव वर होतं, पण त्याच्या दृष्टीने मी लंडनमध्ये होते आणि तो तेर्नातेला. फरक एवढाच, की त्याला विचारायला महिने लागले नसते. एक फोन पुरला असता.

पाच वर्षांनंतर

हूकर आणि डार्विन यांच्या गोष्टीला अजून एक टोक आहे. सप्टेंबर १८६३ मध्ये हूकरची सहा वर्षांची मुलगी मिनी गेली. दफन करून आल्यावर हूकरने डार्विनला पत्र लिहिलं. डार्विन त्या वेळी स्वतः खूप आजारी होता. माल्व्हर्नला तो उपचार घेत होता. त्याच गावात अ‍ॅनीची कबर होती. त्यानंतर त्याने हूकरला पत्र लिहिलं. अ‍ॅनीला आपण कधी कठोर बोललो नव्हतो, हाच आपला मोठा आधार होता, हे त्याने सांगितलं. तुझं दुःख वाचून आज तिच्यासाठी डोळ्यांत पाणी आलं, पण त्या पाण्यातला पूर्वीचा कडवटपणा आता गेलाय, असंही लिहिलं. त्याने स्वतःच्या दुःखाची आजची अवस्था दाखवली.

दोघांमधली कामाची देवाणघेवाण यानंतरही थांबली नाही. डार्विनला वेलींवरच्या प्रयोगांसाठी रोपं लागायची, आणि क्यूहून ती येत राहिली. डार्विन हा पत्रातून मदत मागण्यात पटाईत माणूस होता. त्याच्या पत्रव्यवहारातली सुमारे पंधरा हजार पत्रं आज माहीत आहेत, आणि त्यांतली कितीतरी काही ना काही मागणारी आहेत: बिया, मोजमापं, कबुतरांची पिसं, निरीक्षणं. पण हूकरकडे तो मागू शकत होता, कारण दोघांनी एकमेकांना केवळ कामापुरतं ओळखलं नव्हतं. १८४३-४४ पासून सुरू झालेल्या त्या पत्रांत प्रजातींइतकीच मुलांची आजारपणं आहेत. २९ जूनच्या रात्री आलेली मागणी पंधरा वर्षांच्या त्या ओळखीवर उभी होती. तेच शब्द एखाद्या अनोळखी संपादकाने लिहिले असते, तर ते क्रूर ठरले असते.

तुमच्या वेळी काय कराल

नियमांची यादी करायला मला आवडत नाही, पण तुम्ही विचाराल म्हणून या प्रसंगातून मी स्वतःसाठी जे काढलं ते सांगते.

मागण्याआधी घाई कुणाची आहे ते बघा. मुदत वाढवून मिळते का, हे गाइडला किंवा एडिटरला आधी विचारा. बहुतेक वेळा प्रश्न तिथेच सुटतो.

तरीही मागावं लागलं, तर तयार असलेलंच मागा. "विश्लेषण करून पाठव" नको. "फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे" एवढंच. एक गोष्ट, एकदा. तीन गोष्टी लागणार असतील तर आधी बसून ठरवा की त्यातली कोणती त्याच्यावाचून खरंच अडते.

दुःखाबद्दल बोलायचं असेल तर तो निरोप वेगळा असू द्या. "वाईट वाटलं" आणि "यादी पाठव" एकाच मेसेजमध्ये आले की पहिलं वाक्य दुसऱ्याची प्रस्तावना होऊन बसतं. वाचणाऱ्याला ते बरोबर कळतं. भेटायला जाता येत असेल तर जा, आणि त्या दिवशी कामाचं काही काढू नका.

नाही म्हणायची सोपी वाट ठेवा. "घाई नाही, पण डेडलाइन जवळ आहे" हे माझं वाक्य म्हणजे वाट दाखवून दार लावणं होतं.

तो अजून काही करायची तयारी दाखवेल. ती घेऊ नका.

आणि दुःखातल्या माणसाला वाचवताना जो समोर नाही त्याला विसरलो का, हे एकदा तपासा. त्याच्या घरी काय चाललंय हे आपल्याला माहीत नसतं.

आज तोच मेसेज लिहायचा असता तर मी असा लिहिला असता: "दादा, कामाचं एकच विचारते. फ्रीझरच्या यादीचं फोल्डर कुठलं, एवढं सांगशील? बाकी मी बघते. आत्ता नको असेल तर 'नंतर' एवढंच लिही. मुदत वाढवून घेतली आहे." आणि हा मेसेज मी चौथ्या दिवशी केला नसता.

दादाशी नंतर यावर बोलले. तो हसला आणि म्हणाला, त्या रात्री झोप येतच नव्हती, यादी करताना दोन तास तरी बरे गेले. मग जरा थांबून म्हणाला, "पण दुसऱ्या दिवशीच्या तीन गोष्टी नको होत्या गं."

त्या मुलाला मात्र मी फोन केला तेव्हा पेपर छापून आला होता. बदललेली आकृती त्याने तिथेच पहिल्यांदा पाहिली होती. ती बरोबर होती, त्याची काही हरकत नव्हती. त्याने फक्त एवढंच विचारलं, की नमुना क्रमांक सात का वगळला, कारण तो गोळा करायला तो पावसात चार तास चालला होता. माझ्याकडे कारण होतं. ते मी त्याला सांगितलं, फक्त चार महिने उशिरा.